सांक्त राडेगुंडचा शेतकरी

इतिहासाच्या ग्रंथांत शेतकऱ्याला सहसा नाव नसते. दुष्काळ पडला, सारा वाढला, बंड झाले, सैन्ये उभ्या पिकांतून गेली, एवढ्यापुरता तो दिसतो आणि तोही समूहाने. ज्याचे नाव, गाव, बायकोमुलींची नावे, इतकेच काय पण ज्याने तुरुंगातून बायकोला लिहिलेली पत्रेही जगाच्या हाती आली, असा शेतकरी विरळा. ऑस्ट्रियातील फ्रान्त्स येगरश्टेटर हा असा एक विरळा शेतकरी होय. ९ ऑगस्ट १९४३ रोजी बर्लिनच्या पश्चिमेस असलेल्या ब्रांडेनबुर्ग येथील तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. हिटलरच्या युद्धात शस्त्र धरण्यास त्याने नकार दिला, हा त्याचा अपराध. त्याच्यामागे संघटना नव्हती, पक्ष नव्हता, पत्रक नव्हते. होती ती वृद्ध आई, तरुण पत्नी, तीन लहान मुली, मोजक्या गाई आणि थोडी शेती.

अशा माणसाच्या चरित्रात वकिली व्यवसायातल्या माणसाने का रमावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, कायदा आणि सदसद्विवेकबुद्धी यांच्यातल्या ज्या विवादावर आम्ही कॉलेजात टिपणे काढली आणि परीक्षेनंतर विसरलो, तो विवाद या अल्पशिक्षित शेतकऱ्याने आपल्या देहावर चालवून पाहिला.

सांक्त राडेगुंड हे गाव अप्पर ऑस्ट्रिया प्रांतात, साल्त्साख नदीच्या काठी आहे. वस्ती अवघी पाचशेच्या आसपास. नदीच्या पलीकडे बव्हेरिया. जिल्ह्याचे ठिकाण ब्राउनाउ. तेच १८८९ साली जन्मलेल्या अॅडॉल्फ हिटलरचे जन्मगाव. एकाच जिल्ह्याच्या मातीतून ही दोन माणसे निघाली. मातीवरून माणसाचे अनुमान काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

फ्रान्त्सचा जन्म २० मे १९०७ चा. आई रोझालिया हूबर ही शेतावर राबणारी मोलकरीण, बाप फ्रान्त्स बाखमायर हाही तसाच गडीमाणूस. दोघांनाही संसार मांडण्याची ऐपत नव्हती, म्हणून लग्न झाले नाही. त्या काळच्या त्या मुलखात अशी मुले पुष्कळ असत. दारिद्र्य हे तिथल्या अनौरस संततीचे मुख्य कारण होते, अनीती नव्हे. पण नावापुढे लागलेला डाग पुसण्याची सोय दारिद्र्यात नसते. बाप पहिल्या महायुद्धात मारला गेला. मुलाला वाढवले ते आजीने, एलिझाबेथ हूबर हिने. ती फार भाविक आणि मायाळू बाई होती. १९१७ साली आईने हाइन्रिख येगरश्टेटर नावाच्या शेतकऱ्याशी लग्न केले. त्याने मुलाला दत्तक घेतले, आपले आडनाव दिले आणि पुढे शेतही त्याच्याकडे आले. या नव्या घरातले आजोबा वाचनाचे षौकी. पोराला पुस्तकांची गोडी लागली ती त्यांच्यामुळे, आणि ती शेवटपर्यंत टिकली. न वाचणाऱ्या माणसाला स्वतःचे मत कधी होत नाही, अशा अर्थाचे त्याचे एक म्हणणे नमूद आहे. ते शेतकऱ्याच्या तोंडी ऐकून पुष्कळ पदवीधरांनी विचारात पडावे.

संतचरित्रे लिहिणारे बालपणापासूनच नायकाच्या मस्तकाभोवती तेजोवलय काढतात. येथे त्यांची पंचाईत होते. तरुण फ्रान्त्स हा गावातला अंगापिंडाने दणकट, हौशी, नाचरंगात आणि मारामारीतही पुढे असणारा गडी होता. १९२७ ते १९३० या काळात तो श्टायरमार्क प्रांतातील आइझेनएर्त्स येथे लोखंडाच्या खाणीत मजुरीला गेला. तिथल्या कामगारवस्तीत त्याची श्रद्धा काही काळ डळमळली, आणि मग अधिक घट्ट होऊन परतली. परत येताना त्याने मोटारसायकल आणली, ती गावातली पहिली. १९३३ साली त्याला एका मोलकरणीपासून मुलगी झाली. त्या दोघांचे लग्न झाले नाही. तथापि मुलीशी त्याने नाते तोडले नाही. ज्या परिस्थितीत आपण जन्मलो त्याच परिस्थितीत आपले मूल जन्मले, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली नसेल असे मानणे कठीण आहे. हा भाग आम्ही मुद्दाम सांगतो. पुढे त्याने जे केले ते जन्मजात साधुत्वाने केले असे समजून आपण सगळे सुटका करून घेऊ नये.

त्याच्या आयुष्याला वळण लागले ते विवाहाने. शेजारच्या होखबुर्ग गावची फ्रान्त्सिस्का श्वानिंगर ही त्याच्याहून जवळजवळ सहा वर्षांनी लहान, भाविक आणि हसतमुख मुलगी. ९ एप्रिल १९३६ रोजी, ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, भल्या सकाळी दोघांचे लग्न लागले. त्या भागात लग्न म्हणजे मोठी मेजवानी आणि नाच. या दोघांनी ते सारे टाळले, आणि चर्चमधून निघून थेट रोमच्या यात्रेला गेली. गावाला ते विचित्र वाटले. १९३७ साली रोझालिया, १९३८ साली मारिया आणि १९४० साली अलोयझिया अशा तीन मुली त्यांना झाल्या. फ्रान्त्स बाळाची गाडी स्वतः ढकलत रस्त्याने जाई. पुरुषाने असे करणे त्या गावात तरी कोणी पाहिले नव्हते. आपण इतके सुखी होऊ शकतो हे विवाहापूर्वी ठाऊक नव्हते, असे तो म्हणत असे.

शेतीची कामे करताना तो स्तोत्रे म्हणे, घरी दोघे मिळून बायबल वाचत, संध्याकाळी जपमाळ होई. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत दिवेलागणीला तेर्स म्हणतात, तसेच काहीसे हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पुढे १९४१ पासून गावच्या चर्चची व्यवस्था पाहण्याचे काम त्याच्याकडे आले: घंटा वाजवणे, वेदी सजवणे, मिस्साच्या वेळी पाद्र्याला साह्य करणे. अंत्यविधीच्या वेळी या कामाबद्दल मिळणारे पैसे तो घेत नसे. स्वतःच्या घरी सुबत्ता नसताना गरिबांच्या दारी तो शिधा पोहोचवी. त्याच्या धर्मनिष्ठेचे खापर लोकांनी बायकोच्या माथी फोडले, आणि पुढे त्याच्या मरणाचेही फोडले. असल्या बाबतीत सगळ्या देशांतली गावे सारखीच.

१९३८ च्या जानेवारीत फ्रान्त्सला एक स्वप्न पडले. डोंगराला वळसा घालून एक सुंदर आगगाडी येते आहे, थोरांसह मुलेही तिच्याकडे धावत सुटली आहेत, कोणाला अडवता येत नाही. आणि एक आवाज सांगतो, ही गाडी नरकाला जाते. पुढे त्याने या स्वप्नाचा अर्थ लावला की ती गाडी म्हणजे राष्ट्रीय समाजवाद, आपल्या सर्वांना ओढून नेणारा. स्वप्नावर कोणी विश्वास ठेवावा असे आम्ही म्हणत नाही. पण दोन महिन्यांतच, १२ मार्च १९३८ रोजी, जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि लोक खरोखरच फुले घेऊन धावले. १८ मार्चला ऑस्ट्रियाच्या बिशपांनी निवेदन काढून विलीनीकरणाला अनुकूल मत देण्याचे सुचवले. १० एप्रिलला सार्वमत झाले. ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल पडली. सांक्त राडेगुंडमध्ये प्रतिकूल मत एकच होते, आणि ते कोणाचे हे सांगायला नको. गावच्या पुढाऱ्यांनी ते मत दडपले आणि गाव एकमताने अनुकूल असल्याचे वर कळवले. यात त्यांचा दुष्टावा नव्हता. गावाला आणि त्या माणसालाही सांभाळून घेण्याचा तो मार्ग होता. त्यालाच गावचा महापौर करावे असाही विचार पुढे आला होता. तो त्याने नाकारला.

सरकारी कुटुंबभत्ता त्याने घेतला नाही. गारपिटीने पीक बुडाले तेव्हाची सरकारी मदतही घेतली नाही. पक्षाच्या वर्गणीला दमडी दिली नाही. ज्याचे मीठ खायचे नाही त्याचे देणेही लागायचे नाही, हा हिशेब आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही.

तरी हा माणूस पहिल्यापासून सैन्याला नकार देत होता असे नाही. १९४० च्या जूनमध्ये बोलावणे आले तेव्हा तो ब्राउनाउला गेला, शपथही घेतली, आणि काही दिवसांनी गावच्या मागणीवरून परत आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा बोलावणे आले. एन्स येथे सहा महिने शिक्षण घेऊन तो १९४१ च्या एप्रिलमध्ये घरी परतला. त्या मुक्कामात, डिसेंबर १९४० मध्ये, त्याने संत फ्रान्सिसच्या गृहस्थांसाठी असलेल्या तिसऱ्या पंथाची दीक्षा घेतली. बराकीतल्या त्या सहा महिन्यांनी त्याचा निश्चय झाला: पुन्हा बोलावणे आले तर जायचे नाही. निश्चयाची कारणे त्याच्या डोळ्यांसमोर होती. गावचे धर्मगुरू योझेफ कारोबाथ यांना प्रवचनाबद्दल अटक होऊन गाव सोडावे लागले होते. त्याच प्रांतातील हार्टहाइम किल्ल्यात मनोरुग्ण आणि अपंग यांना विषारी वायूने मारले जात होते, आणि अशा हत्यांची कुणकुण जनतेला लागली होती. १९४१ च्या जूनमध्ये रशियावर स्वारी झाली.

या काळात त्याने वह्यांतून आपले विचार लिहून काढले. त्या वह्या उपलब्ध आहेत. वाक्ये साधी, शुद्धलेखन यथातथा. पण युक्तिवाद असा की भल्या वकिलाने टाचण करून ठेवावे. हे युद्ध नास्तिक बोल्शेविझमविरुद्ध आहे असे त्या वेळी चर्चच्या आवारातही बोलले जाई. फ्रान्त्स विचारतो की हा लढा विचाराशी आहे, तर मग त्या देशातले खनिज, तेलाच्या विहिरी आणि धान्याची काळी जमीन यांच्याशी आपल्याला काय करायचे आहे? तिथल्या लोकांनी आपल्यावर काय अन्याय केला आहे, की त्यांच्या घरात आपण शस्त्रे घेऊन शिरावे? जबाबदारी राज्यकर्त्यांची, आपण केवळ आज्ञाधारक, हे उत्तर त्याला पटत नाही. आपण ज्याला पाप म्हणून ओळखले ते दुसऱ्याच्या हुकुमाने केले, तर ते पुण्य कसे होते?

हा शेवटचा प्रश्न घेऊन तो धर्मगुरूंकडे गेला आणि अखेरीस लिंत्सचे बिशप योझेफ फ्लीसर यांच्याकडेही गेला. फ्रान्त्सिस्का बरोबर होती, पण आतल्या भेटीत नव्हती. बिशपांनी त्याला समजावले की राज्यकर्त्यांच्या कृत्याचा न्याय करणे हे खाजगी नागरिकाचे काम नाही. त्याने आपल्या कुटुंबाकडे पाहावे. फ्रान्त्स उदास होऊन बाहेर आला. त्यांची बोलायची हिंमत नाही, नाहीतर त्यांच्यावरच पाळी येईल, असे काहीसे तो पत्नीला म्हणाला. बिशपांना अगदीच भ्याड म्हणणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. समोरचा अनोळखी माणूस गुप्त पोलिसांचा हेर असू शकतो, ही भीती त्या काळात अवास्तव नव्हती. परंतु युद्ध संपल्यावर, जेव्हा भीतीचे कारण उरले नव्हते, तेव्हाही त्यांनी आपले मत बदलले नाही. १९४६ साली या शेतकऱ्याविषयीचा लेख धर्मप्रांताच्या पत्रात छापण्यास त्यांनी मनाई केली, आणि कर्तव्य समजून लढता लढता पडलेले कॅथलिक तरुण हेच आपल्या मते अधिक मोठे वीर, असे कारण दिले. हे मत प्रामाणिक असेल. पण त्याने कायद्याचा मूळ प्रश्न सुटत नाही, कारण युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याचा अधिकार फक्त युद्ध पुकारणाऱ्यालाच असेल, तर अन्याय्य युद्धाची सारी धर्मशास्त्रीय चर्चा हा पोथीचा विषय राहतो.

घरातही विरोध होताच. आईचे मन मानेना. आप्तेष्ट समजावून थकले. फ्रान्त्सिस्कानेही सुरुवातीला त्याला परावृत्त करून पाहिले. मग तिच्या ध्यानात आले की साऱ्या जगात त्याच्या बाजूने एकही माणूस नाही. आपणही विरोधात गेलो तर त्याला कोणी उरणार नाही. त्या दिवसापासून ती त्याच्या बाजूने उभी राहिली. या प्रकरणातला सर्वांत कठीण निर्णय कोणाचा, पतीचा की पत्नीचा, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही चटकन उत्तर देणार नाही.

१९४३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे स्टालिनग्राडचा पाडाव झाल्यावर, तिसरे बोलावणे आले. १ मार्चला तो एन्सला पोहोचला आणि लढाऊ सेवेस नकार दिला. त्याला पकडून लिंत्सच्या लष्करी तुरुंगात ठेवले. तिथे असताना त्याने एक तयारी दाखवली: शुश्रूषा पथकात घेतल्यास आपण सेवा करू. जखमींची सेवा हे ख्रिस्ती माणसाचे काम आहे, हे त्याने जाणले होते. ही विनंती विचारात घेतली गेली नाही. मे महिन्याच्या प्रारंभी त्याला बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हलवले. योगायोग असा की प्रॉटेस्टंट धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर हेही त्याच काळात त्याच तुरुंगात होते. एक सुसंस्कृत विद्वान, दुसरा खेड्यातला शेतकरी. दोघांचाही अंत एकाच सत्तेच्या हातून व्हायचा होता.

६ जुलै १९४३ रोजी जर्मन साम्राज्याच्या सर्वोच्च लष्करी न्यायालयात निकाल लागला. आरोप ‘लष्करी सामर्थ्याच्या विघटना’चा. १९३८ साली तयार करून युद्धाच्या तोंडावर अमलात आणलेल्या विशेष फौजदारी अध्यादेशाचे पाचवे कलम त्याला लावले. या कलमाचे शब्द मोठे लवचीक. लढण्यास उघड नकार देणारा, दुसऱ्यास चिथावणारा, स्वतःला इजा करून सेवा चुकवणारा, हे सारे त्यात बसत. शिक्षा मृत्यूची, पण त्याच कलमात अशीही तरतूद होती की अपराध कमी गंभीर असल्यास कैदेची शिक्षा देता येईल. म्हणजे न्यायाधीशांचे हात कायद्याने बांधलेले नव्हते. ज्याने कोणाला चिथावले नाही, जो पळाला नाही, जो स्वतः हजर झाला, जो शुश्रूषेची सेवा करायला तयार आहे, त्याचा अपराध कमी गंभीर मानायला जागा होती. ती जागा त्यांनी वापरली नाही. मृत्युदंड दिला आणि नागरी हक्कही काढून घेतले. रघुनाथरावाच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून पुण्यातून निघून जाणाऱ्या रामशास्त्र्यांचा वारसा आपण सांगतो, म्हणून हे निकालपत्र वाचताना आम्हांला आरोपीपेक्षा न्यायाधीशांचीच अधिक कीव येते.

सरकारने नेमून दिलेले त्याचे वकील फेल्डमान यांनी मात्र आपले काम केले, हे व्यवसायबंधू म्हणून नोंदवले पाहिजे. त्याने नकार मागे घ्यावा म्हणून ते अखेरपर्यंत झटले आणि पत्नीला बर्लिनला बोलावण्याची व्यवस्था त्यांनी केली. जुलैच्या मध्यावर फ्रान्त्सिस्का गावच्या तरुण धर्मगुरूंसह एवढा प्रवास करून आली. पहाऱ्यात वीस मिनिटांची भेट मिळाली. धर्मगुरूंनी बराचसा वेळ त्याचे मन वळवण्यात घालवला. नवराबायकोच्या वाट्याला जी काही मिनिटे उरली, ती शेवटची.

तुरुंगातून त्याने लिहिलेली पत्रे वाचताना एक गोष्ट विशेष जाणवते. त्यांत हौतात्म्याची भाषा जवळजवळ नाही. शेतावर काय चालले आहे, मुली कशा आहेत, आईची प्रकृती कशी आहे, याच चौकशा. घरून आलेल्या एका फोटोत तिन्ही मुली उभ्या आहेत, आणि बाबांनी लवकर घरी यावे अशा अर्थाचा फलक त्यांच्या हाती आहे. थोरली त्या वेळी सहा वर्षांचीही नव्हती. साखळदंड हाताला पडलेले बरे, इच्छेला पडलेले नकोत, असे त्याच्या एका टिपणात आहे. बायकोमुलांसाठी तरी ऐक, असे जो तो सांगत होता. त्यावर त्याचे म्हणणे असे की बायको आहे, मुले आहेत, म्हणून देवाचा अपराध करण्याची मुभा मला मिळते असे मला वाटत नाही. हे उत्तर कठोर वाटेल. आम्हांलाही वाटते. पण ज्याच्या घरात प्रेम नाही त्याला असे बोलणे सोपे असते, आणि हा माणूस बाळाची गाडी ढकलणारा होता.

एक गोष्ट मात्र त्याला टोचत होती. इतके पाद्री, बिशप, विद्वान ज्याला मान्यता देतात ते मी नाकारतो, हा अहंकार तर नव्हे? या शंकेतून त्याची सुटका टेगेलचे धर्मगुरू हाइन्रिख क्रॉइत्सबेर्ग यांच्या एका बातमीने झाली. फ्रान्त्स राइनिश नावाच्या ऑस्ट्रियन पाद्र्याने हिटलरच्या नावाची शपथ घेण्यास नकार दिला होता आणि २१ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला होता. ते ऐकल्यावर या शेतकऱ्याचे मन स्वस्थ झाले. पाद्र्याने जे केले ते चूक नसेल तर माझेही नसावे, एवढाच आधार त्याला पुरला.

९ ऑगस्टला त्याला ब्रांडेनबुर्गला नेले. त्या दिवशी मृत्युदंडाच्या कैद्यांजवळ असणारे धर्मगुरू आल्बर्ट योखमान यांनी संध्याकाळी काही ऑस्ट्रियन जोगिणींना सांगितले की त्यांच्या या देशबांधवाइतका संत माणूस आपण आयुष्यात दुसरा पाहिला नाही. जोगिणींनी अस्थींची जागा लक्षात ठेवली. युद्धानंतर त्या अस्थी गावी आल्या, आणि ९ ऑगस्ट १९४६ रोजी सांक्त राडेगुंडच्या चर्चच्या भिंतीलगत पुरल्या गेल्या.

तारखांकडे येथे थोडे लक्ष द्यावे. अस्थी पुरल्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, १६ ऑक्टोबर १९४६ रोजी, न्यूरेंबर्ग येथे फील्ड मार्शल कायटेल आणि जनरल योडल यांना फाशी झाली. वरिष्ठांचा हुकूम होता हा बचाव गुन्ह्यातून मुक्त करणार नाही, फार तर शिक्षा कमी करताना विचारात घेता येईल, असे त्या न्यायासनाच्या सनदेच्या आठव्या कलमात लिहिले होते. म्हणजे १९४३ साली हुकूम मानला नाही म्हणून एका शेतकऱ्याचे शिर गेले, आणि १९४६ साली हुकूम मानला हा बचाव सेनापतींना तारू शकला नाही. मधल्या तीन वर्षांत नीतिशास्त्र बदलले नव्हते; युद्धाचा निकाल लागला होता. विजेत्यांच्या न्यायावर जे आक्षेप घेतात त्यांना हे उदाहरण उपयोगी पडेल असे वरवर दिसते. खरे म्हणजे ते त्यांच्या विरुद्ध जाते, कारण न्यूरेंबर्गच्या कितीतरी आधी, विजयाचा आधार नसताना, एका पराभूत माणसाने तेच तत्त्व स्वतःला लावून घेतले होते.

गावाला आणि देशाला मात्र तो नकोसाच होता. घरोघर कोणी ना कोणी आघाडीवर पडलेला. याने केले ते बरोबर म्हणावे, तर आमच्या मुलांनी केले ते काय? या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून लोकांनी फ्रान्त्सिस्काशी बोलणे टाळले. नाझी राजवटीच्या बळींसाठी असलेली मदत तिला आरंभी नाकारली गेली. ती मिळाली १९५० साली. सासू, तीन मुली आणि शेत, हे सर्व तिने ओढले.

जगाला ही कथा कळली ती एका परक्या संशोधकामुळे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॉर्डन झाहन हे जर्मन कॅथलिकांच्या युद्धकालीन वर्तनाचा अभ्यास करीत असता त्यांना हे नाव आढळले. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकाच्या कारणाने शस्त्र न धरणाऱ्यांपैकी होते. गावी जाऊन, बायकांपुरुषांशी बोलून, कागद गोळा करून त्यांनी १९६४ साली या शेतकऱ्याचे चरित्र प्रसिद्ध केले. येथून हा विषय अकस्मात आपल्या किनाऱ्याजवळ येतो. १९३७ साली मुंबईचे आर्चबिशप म्हणून नेमले गेलेले थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट. मुंबईच्या धर्मपीठावर भारतीय माणूस बसावा म्हणून त्यांनी स्वतः बाजूला होऊन १९५० साली ते पद सोडले, आणि गोव्याच्या घराण्यातले व्हॅलेरियन ग्रेशस तेथे आले. हेच रॉबर्ट्स पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ साली, या ऑस्ट्रियन शेतकऱ्याचा कैवार घेऊन पुढे झाले. ज्याला त्याच्या हयातीत त्याच्या धर्मगुरूंनी एकटे सोडले, अशा माणसाला पुन्हा एकटे पडू देऊ नका, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. ७ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेने जो दस्तऐवज संमत केला, त्यात सदसद्विवेकापायी शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्याने मानवतेची तरतूद करावी असे म्हटले आहे. त्याचे सर्व श्रेय रॉबर्ट्स यांना द्यावे असे आम्ही म्हणणार नाही. पण मुंबईतून स्वखुशीने उतरलेल्या आर्चबिशपाला सांक्त राडेगुंडच्या शेतकऱ्याचे मन कळले, यात आम्हांला नवल वाटत नाही.

कायद्याची चाके मंद फिरली. १९४९ च्या पश्चिम जर्मन राज्यघटनेच्या चौथ्या कलमाने सदसद्विवेकाविरुद्ध कोणासही शस्त्रसेवेची सक्ती करता येणार नाही असे ठरवले. ऑस्ट्रियात पर्यायी नागरी सेवेचा कायदा यायला १९७४ साल उजाडले. फ्रान्त्सवरचा निकाल तर त्यानंतरही कागदावर तसाच होता. ७ मे १९९७ रोजी बर्लिनच्या न्यायालयाने तो रद्द केला. चौपन्न वर्षे हा माणूस कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार राहिला आणि त्याचे न्यायाधीश नव्हेत, ही आमच्या व्यवसायाला फारशी भूषणावह गोष्ट नाही.

२६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंत्सच्या कॅथिड्रलमध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केले. ज्या शहरात बिशपांनी त्याला परत पाठवले होते तेच हे शहर. चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्त्सिस्का समारंभाला हजर होती, आणि मुलीही होत्या. पतीच्या अस्थींचे पात्र वेदीकडे जाताना तिने त्याला ओठ लावले. १६ मार्च २०१३ रोजी ती वारली, तेव्हा तिला शंभर वर्षे पुरी होऊन बारा दिवस झाले होते. नवऱ्याला धरून नेल्यावर गावच्या चर्चची घंटा वाजवण्याचे आणि वेदीची व्यवस्था पाहण्याचे जे काम रिकामे पडले, ते तिने आपल्याकडे घेतले होते आणि पुढे कितीतरी वर्षे चालवले होते.